वाघाने दिलेला वन्समोअर

आंबेटोल्याच्या नवयुवक नाट्य मंडळात रंगमंचावर उतरणारा सगळ्यात तरुण नवयुवक साठीच्या पुढचा होता, आणि बाकीच्यांपैकी बरेच जण संवाद म्हणायच्या आधी कवळी नीट बसली का ते अंगठ्याने दाबून पाहायचे. मंडळ निघालं तेव्हा सगळे खरोखरच नवयुवक होते. पण नाव बदलायचं तर पाटी बदलावी लागते, आणि पाटी होती अस्सल सागवानाची. सागवानाला काही झालं नाही. जे व्हायचं ते नवयुवकांना झालं.

ह्या मंडळाचा इतिहास दादाजी मोहुर्ले सांगायचा. त्याला कोणी नेमलं नव्हतं आणि कोणी थांबवूही शकलं नव्हतं. सिंदेवाहीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणारा कोणी अनोळखी माणूस सापडला, की दादाजी त्याच्या शेजारी टेकायचा, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा, आणि समोरचा किती भोळा आहे ह्या हिशेबाने मंडळाचं वय ठरवायचा. साधारण माणसाला तो पन्नास वर्षं सांगायचा, भोळ्याला शंभर. सावली गावाहून आलेल्या एका नव्या जावयाला तर त्याने मंडळ थेट गोंडराजाच्या दरबारात नेऊन ठेवलं होतं. जावई अजून सासुरवाडीला आला की पाटीला हात जोडतो.

दादाजी सांगायचा, की पहिलं नाटक झालं ते बैलबंड्या जोडून उभ्या केलेल्या रंगमंचावर. पडदा म्हणजे गावातल्या बायकांची लुगडी एकाला एक शिवलेली. नाटक रंगात आलं की एखादी बाई प्रेक्षकांतून ओरडायची, "अवो राजेसाहेब, तलवार जरा सांभारून! थे हिरवं लुगडं माझं होये!" आणि राजा बिचारा हिरव्यापासून दूर सरकून लढायचा. तेव्हा मशाली होत्या, मग गॅसबत्त्या आल्या, मग जनरेटर आलं. माईक नव्हता. गरजच नव्हती. "मी 'हाय दैवा' म्हनलं," दादाजी सांगायचा, "का ब्रह्मपुरीची कुत्री भुकत होती."

"भुकनारच," ओसरीवर हे चाललं असलं की त्याची बायको रंभाबाई आतून म्हणायची. "इथली का कमी भुकत होती?"

यावर सगळ्यांत आधी दादाजीच हसायचा. स्वतःवर हसायला त्याला दुसऱ्या माणसाची गरज पडत नसे. पण कोणी मदत केली तर तो नाही म्हणत नसे.

आता इथे झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलुखातल्या, नाटकाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धान कापून, चुरून घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. लेकी-जावई, व्याही-विहिणी घराघरांत दाटतात. माणसं कनातीच्या आत भाताचं तणस पसरून, चादरी घेऊन बसतात आणि नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत. शेवटच्या अंकात कोणीतरी मरतंच. तेही गुपचूप मरत नाही, गाणं म्हणून मरतं. गाणं संपतं, मान पडते, मान पडली की पडदा पडतो. पण माणूस जर फारच चांगला मेला, तर पब्लिक त्याला मेलेलं राहू देत नाही. "वन्समोअर!" असा एकच गिल्ला होतो. मग मेलेला उठतो, नमस्कार करतो, विष पुन्हा पितो, गाणं पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. याला कोणी हसत नाही. माणसाच्या कलेची किंमत इकडे तो किती वेळा मेला यावर ठरते.

झिंगू निकुरे हा या बाबतीत मंडळाचा राजा. तरुणपणी तो बायकांच्या भूमिका करायचा. एकदा त्याला राणीच्या वेषात पाहून एका गावाहून मुलीच्या चौकशीला माणसं आली होती, आणि सकाळी "मुलगी" धानाच्या बांधीवर विडी ओढत बसलेली पाहून चहा न घेता निघून गेली होती. पुढे वडशाच्या नाटक कंपन्यांतून खऱ्या नट्या येऊ लागल्या तेव्हा झिंगूने मिशा वाढवल्या आणि खलनायक झाला. पण राणी असो की खलनायक, झिंगू मेला की वन्समोअर यायचाच. एका वर्षी तो इतक्या वेळा मेला, की नाटकाचा शेवटचा प्रवेश दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर करावा लागला.

आणि दादाजी? दादाजी जन्मभर मेला. बाप म्हणून मेला, सावकार म्हणून मेला, एकदा तर चुकून दुसऱ्याच्या वाट्याचा बाण लागून मेला. पण त्याला वन्समोअर कधी आला नाही. तो स्वतःच म्हणायचा, "माझं गानं आयकून लोकाइले वाट्टे, मेला ना एकदाचा? मंग राहू द्या."

हे तो हसत म्हणायचा. पण माणसाला जे मिळालं नाही ते तो कुठून तरी आणतोच, आणि दादाजीने ते जंगलातून आणलं. त्याने एक वाघ तयार केला.

गोष्ट अशी, की गॅसबत्तीच्या काळात एकदा दादाजी शेवटच्या अंकात मरण्याचं गाणं गात होता. अर्धं पब्लिक झोपलेलं. (एवढं मात्र खरं होतं.) तेवढ्यात कनात हलली आणि मागून एक वाघ आत आला. आला आणि तणसावर, जावयांच्या ओळीत, नीट पाय दुमडून बसला. दादाजीने वाघाला पाहिलं, पण नट म्हणजे नट. गाणं सोडलं नाही. गाणं संपलं, मान पडली. वाघ उठला, आणि त्याने अशी एक डरकाळी दिली, की तिचा अर्थ कळायला माणसाला शाळेत जावं लागत नाही. वन्समोअर! दादाजी उठला, पुन्हा गायला, पुन्हा मेला. वाघाने मान डोलावली आणि आल्या वाटेने निघून गेला. बाकीच्यांनी का पाहिला नाही? झोपले होते ना!

हा वाघ पहिल्या वर्षी बिबट्याएवढा होता. पुढे दरसाल वाढत गेला. हल्ली हल्ली तो बसला की मागच्या ओळीतल्यांना नाटक दिसत नव्हतं.

गावाला ठाऊक होतं की वाघ नव्हता. दादाजीला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्या दिवशी कनातीतून आत आलं होतं ते पडदा सोडणाऱ्या पत्रूचं तांबडं वासरू. पण इतकी वर्षं सांगून सांगून वाघ दादाजीच्या घरचा झाला होता. माणसांनी दिला नाही तो मान त्या जनावराने दिला होता, मग ते नसलं म्हणून काय झालं?

तर ह्या वर्षी भातकापणी संपता संपता मंडळाचा नवा अध्यक्ष अतुल याने सगळ्या नवयुवकांना चावडीवर बोलावलं. अतुल खरा तरुण होता, त्यामुळे मंडळात जरा परकाच वाटायचा.

"पुढच्या सालापासून आपन पूर्ण नाटक वडशाच्या कंपनीले देऊन राह्यलो," तो म्हणाला. "नट त्याइचे, पडदे त्याइचे, लाइट त्याइचे. आपन फक्त मंडई पाहाची आन गेट सांभाराचं. लोकाइले आता तसंच पाह्यजे. यंदाचं नाटक आपल्या मंडळाचं शेवटचं."

 मग दादाजी म्हणाला, "मंजे आमी मेलो म्हन ना सरळ."

"नाई जी भाऊ, उलट आता तुमाले मराची गरजच नाई!"

सगळे हसले. दादाजीही हसला, रीत म्हणून. पण घरी जाताना तो मनात हिशेब करत होता. झिंगूला काय, त्याच्या गाठीशी वन्समोअर रग्गड होते. म्हातारपणी मोजत बसला असता. दादाजीपाशी एकच होता, आणि तोही एका वासराने दिलेला.

"रंभे," तो जेवताना म्हणाला, "यंदा मले वन्समोअर पाह्यजे. मानसाचा. एकच. मंग खुशाल गेटवर बसतो."

"मंग गानं नका म्हनू," रंभाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकर टाकली.

यंदाचं नाटक होतं 'कुंकू पुसलं सख्ख्या काकानं'. दादाजी नायिकेचा बाप. शेवटच्या अंकात काका, म्हणजे झिंगू, त्याला दुधातून विष पाजतो, बाप गाणं म्हणून मरतो, लेक त्याच्या अंगावर पडून रडते, पडदा. लेकीचं काम करायला वडशाहून उर्वशी आली होती. रोज एका नव्या गावात एका नव्या बापासाठी रडणारी बाई. रडण्यात एकदम तयार. प्रॉम्प्टर नेहमीचाच, नागसेन रामटेके. पडद्याआड बसून सगळ्यांचे संवाद पुरवायचा. मंडळातल्या बऱ्याच नटांनी त्याच्या भरवशावर पाठांतर कधीच सोडून दिलं होतं.

आणि पडद्याच्या दोरीवर पत्रू. पत्रूने इतक्या वर्षांत पडदा कधी उशिरा सोडला नव्हता. मेलेल्याची मान पडली की पडदा पडणारच, यात गावाला शंका नसायची. कोणी म्हणे, मान आधी पडते की पडदा, हे सांगता येत नाही.

दादाजीने नेमकं हेच हेरलं. त्याला वाटलं, आपल्याला वन्समोअर येत नाही तो गाण्यामुळे नाही, पत्रूमुळे! पडदा इतक्या झपाट्याने पडतो की पब्लिकला 'वन्समोअर' म्हणायला उसंतच मिळत नाही. लोक तोंड उघडतात तोवर आपण पडद्याआड. लोकांना जरा वेळ दिला पाहिजे. नाटकाच्या दिवशी संध्याकाळी त्याने पत्रूला बाजूला घेतलं.

"पत्रू, आज माझी मान पडली तरी पडदा सोडाचा नाई."

"मंग कवा सोडू जी भाऊ?"

"वन्समोअर आल्यावर."

"आन नाई आला तं?"

दादाजीला राग आला. "येते! नाई कसा येत! वन्समोअर आल्याबिगर दोरी सोडशीन तं माझी शपथ हाय तुले. मी खराच मेलो तरी सोडाची नाई, समजलं का?"

पत्रूने दोरीवर हात ठेवून शपथ घेतली. पत्रूचा हा गुण म्हणा की दोष, एकदा सांगितलेलं तो अर्थ न काढता धरून ठेवायचा.

नाटक नेहमीसारखं झालं. म्हणजे पहिल्या अंकात जनरेटर बंद पडलं, दुसऱ्या अंकात एका व्याह्याने उर्वशीच्या गाण्यावर खूश होऊन बक्षीस दिलं आणि ते माईकवर पुकारेपर्यंत खलनायक हात उगारून उभा राहिला. शेवटचा अंक आला तेव्हा पूर्वेकडे फटफटायला लागलं होतं. पोरंटोरं तणसात गुडूप झाली होती. धुक्याने कनात ओली झाली होती. आणि दादाजीच्या ओठांना झिंगूने स्वतःच्या हाताने कपड्याची नीळ लावली होती, विष चढलेलं दिसावं म्हणून.

दादाजी दूध प्यायला, छाती धरली आणि गायला. कसा गायला, ते सोडून देऊ. गाणं संपलं. मान पडली.

पडदा पडला नाही.

उर्वशी त्याच्या छातीवर कोसळली. "बाबा! डोळे उघडा बाबा! तुमच्या लेकीला पोरकी करून कुठं चाललात?" ती सवयीने पडद्याच्या सळसळीची वाट पाहू लागली. सळसळ नाही. तिने आणखी एक हंबरडा फोडला. पडदा नाही. मग तिने ह्या नाटकातलं रडणं संपवून मागच्या गावच्या नाटकातलं रडणं काढलं. तेही संपलं. आडून नागसेन कुजबुजला, "संपलं बाई, माह्यापाशी आता काईच नाई."

 दादाजी डोळे मिटून कान टवकारून पडला होता. आता, तो मनात म्हणत होता. आता येते. तोंड उघडून राह्यले लोक.

मागून कोणीतरी हळूच बोललं, "पडदा काऊन नाई पडून राह्यला बा?"

"पत्रू झोपला का?"

"नाई, उभा दिसते दोरी धरून. रडून राह्यला वाट्टे."

खरंच, पत्रूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शपथेचं ओझं, दुसरं काय. अतुल धावत त्याच्यापाशी गेला. "पत्रूभाऊ, सोडा ना पडदा!"

"नाई सोडू शकत," पत्रू हुंदका देत म्हणाला. "भाऊनं शपथ घातली मले. म्हने, मी खराच मेलो तरी सोडू नको."

अतुलचा चेहरा पांढरा पडला. "कवा म्हनले असे?"

"आज सांजेलेच."

आपण मरणार, हे दादाजीला आधीच कळलं होतं! ही बातमी विंगेतून रंगमंचावर आणि रंगमंचावरून तणसावर पोचायला वेळ लागला नाही. उर्वशीने दादाजीचा हात धरला, हात बर्फ. डिसेंबरातल्या पहाटे कोणाचाही तसाच असतो, पण ते कोणाच्या ध्यानात येतं! नागसेन बाहेर आला, त्याने मनगटावर बोटं ठेवली. रात्रभर पानं उलटून त्याची बोटं इतकी बधिर झाली होती, की त्याला स्वतःची नाडी लागली नसती. त्याने मान हलवली. आणि ओठ तर निळे होतेच. ज्या झिंगूने ते रंगवले होते त्यानेच ते पाहून टाहो फोडला. "ओठ पाहा रे, निळे पडले माझ्या भावाचे!"

आता उठलं पाहिजे, असं दादाजीच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. पण त्याच क्षणी पुढच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "का मेला बाई, असा मरताना मी कोनाले नाई पाह्यलं." जन्मभर मेलेल्या माणसाला हे वाक्य पहिल्यांदा ऐकायला मिळालं. दादाजीने श्वास आणखी हळू केला. मरण्याचा अनुभव त्याच्याइतका दांडगा कोणाला होता?

शिवाय वन्समोअर अजून यायचाच होता.

अतुलने माईक हातात घेतला. "गावकरी मंडळी, शांत राहा. दवाखान्याच्या गाडीले फोन लावला आहे. पन..." आणि तो पोरगा खरंच रडायला लागला. "दादाजीभाऊनं मंडळासाठी जीव देल्ला. मीच म्हनलो होतो त्याइले, आता मराची गरज नाई. त्याइनं मनावर घेतलं. कंपनी गेली खड्ड्यात! पुढच्या सालीबी नाटक आपल्याच मंडळाचं होईन, आन ह्या रंगमंचाले नाव राहीन दादाजी मोहुर्ले यांचं!"

दादाजीच्या पापणीखाली काहीतरी चुरचुरलं. रंगमंच! त्याने तर फक्त वन्समोअर मागितला होता.

मग उर्वशीने माईक घेतला. "मी किती बापांसाठी रडले, मोजलं नाही," ती म्हणाली. "पण थंडीत माझे पाय गारठले म्हणून अंकाअंकाला गरम पाण्याची बादली पाठवणारा बाप एवढा एकच."

पाणी रंभेने पाठवलं होतं. दादाजीला ते तिथेच सांगावंसं वाटलं, पण मेलेल्याने चूक दुरुस्त करत बसलं तर चांगलं दिसत नाही. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सगळा गाव रडतोय, पण रंभेचा आवाज कुठेच नाही. एवढ्या वर्षांचा संसार आणि एक हुंदका नाही! तो मनातून जरा खट्टू झाला.

तेवढ्यात माईक झिंगूच्या हाती गेला.

"दादाजीभाऊ गेले," झिंगू म्हणाला आणि बराच वेळ नाक ओढत राहिला. "आमी संग नाटकात आलो. बैलबंडीवर नाचलो. मेलेल्या मानसाबद्दल खोटं बोलू नाई, म्हनून सांगतो, गानं त्याले येत नव्हतं."

"नव्हतंच," तणसावरून दुजोरा आला.

"पन दिल राजाचा. माझं सारं नाव त्याच्यानं झालं. मी रानी झालो तं लुगडं नेसवाले तोच. मी मरून उठलो तं पानी द्याले तोच."  इथे तो थांबला असता तर गोष्ट निराळी झाली असती. पण समोर माईक, भरलेली कनात आणि रडणारं पब्लिक. झिंगू शेवटी नट होता. "आता भाऊ राह्यले नाई, तं एक गोस्ट सांगूनच टाकतो. थो वाघ. भाऊ सांगत होते त्याइच्या गान्यावर आला मनून. मी कधी बोललो नाई, मनलं, ठेवू दे बुढ्याले. पन खरं असं का, त्या दिवशी मरून पडलो होतो मी. गानं माझं होतं. आन वाघानं वन्समोअर देल्ला, थो मले!"

दादाजीच्या कानात सूं झालं.

वाघ खरा असता तर त्याने एकवेळ देऊनही टाकला असता. पण हा वाघ त्याने स्वतः जन्माला घातला होता. वासरापासून वाढवला होता. दरसाल खाऊ-पिऊ घालून मोठा केला होता. वन्समोअरांनी ज्याचं घर भरलेलं, त्या माणसाने गरिबाचा एकुलता एक उचलून न्यावा, आणि तोही मयताच्या उशाशी बसून!

दादाजी ताडकन उठून बसला. पांढरी पावडर, निळे ओठ, डोळे लाल.

"झिंग्या! थो वाघ माझा हाय!"

झिंगूच्या हातून माईक पडला. उर्वशी, जी कुठल्याही नाटकात खरं किंचाळली नव्हती, ती खरं किंचाळली. आणि पत्रूच्या हातून दोरी सुटली. धाडकन पडदा पडला.

पडद्याच्या अलीकडे दादाजी, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.  पलीकडून एक आवाज आला. बहुतेक त्या पुढच्या ओळीतल्या म्हातारीचा.

"अगा, मले नीट दिसला नाई! वन्समोअर!"

आणि मग सगळी कनात उठली. वन्समोअर! झोपलेली पोरं जागी होऊन ओरडू लागली, कशाला ते ठाऊक नसताना. जावई ओरडले, व्याही ओरडले. आवाज असा होता की ब्रह्मपुरीची कुत्री नक्की भुंकली असतील.

"भाऊ," पत्रू म्हणाला, "वन्समोअर आला. आता पडदा सोडू का?"

"सोडला तं आहेस, लेका! वढ वर!"

पडदा वर गेला. दादाजी पुढे आला, हात जोडले, खाकरला आणि गाण्याचा पहिला सूर लावला.

"गानं नाई! गानं नाई!" कनात गरजली. "मरा आन उठा!"

दादाजी मेला आणि उठला. "थो वाघ माझा हाय!" पुन्हा वन्समोअर. पुन्हा मेला, पुन्हा उठला. झिंगूला दरवेळी माईक हातात घेऊन वाघ चोरावा लागला, आणि दरवेळी तो अधिक चांगला चोरू लागला. काही झालं तरी मोठा नट. सूर्य कनातीवर आला, गाडी आली, गाडीच्या ड्रायव्हरने "पेशंट कुठी हाय?" विचारलं, आणि पेशंट मरताना पाहून तोही तणसावर बसला.

सगळं आटोपल्यावर दादाजी विंगेत बसून तोंडावरची पावडर पुसत होता. रंभाबाई चहाचा पेला घेऊन आली.

"तू रडली नाई," दादाजी म्हणाला. जिंकलेल्या माणसाने तक्रार करायची नसते, पण त्याच्या तोंडून गेलं.

"काऊन रडू? तुमच्या पायाचा अंगठा हालून राह्यला होता. घरीबी निजल्याचं सोंग करता तवा असाच हालते."

"मंग बोलली काऊन नाई?"

रंभाबाईने पदराने त्याच्या ओठावरची नीळ पुसली. जरा जोरातच पुसली. "उभ्या जलमात लोक पयल्यांदा तुमच्याबद्दल चांगलं बोलून राह्यले होते. म्हनलं, आयकू द्या बुढ्याले."

दादाजीने चहा पिऊन टाकला. 

कंपनीचं पुढे काय झालं? अतुलने भर मंडईत माईकवर शब्द दिला होता आणि तो मागे घ्यायची त्याला सोय राहिली नाही. दादाजी जिवंत निघाला म्हणून रंगमंचाला त्याचं नाव द्यायचं तेवढं राहून गेलं. नवयुवकांनी पाटीला नवं तेल लावलं आणि आपापल्या कवळ्या तपासल्या.

पण खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात घडली. दादाजी सिंदेवाहीच्या स्टँडवर बसला होता. बाजूच्या टपरीवर एक पोरगा चार जणांना रंगवून सांगत होता, आंबेटोल्याच्या नाटकात मेलेला बुढा उठला, ते साऱ्यांच्या आधी मागून वाघानं वन्समोअर दिला म्हणून. एवढा मोठा वाघ! स्वतः त्याच्या मामाने पाहिला, तणसावर बसलेला.

"अजी बाबाजी," एकाने दादाजीला विचारलं, "तुमी तिकडलेच ना? खरंच वाघ होता का?"

दादाजीने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे अगदी भोळे. जन्मभरात असं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं. वाघ जिभेवर येऊन, पाय दुमडून बसलाच होता.

"नाई रे बाबू," तो म्हणाला. "वाघ नव्हता. मानसंच होती. सारीच्या सारी मानसं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा खोटं बोलतो, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.